केलं की केले? एका टिंबावरून नेटवरच्या मराठीची गोष्ट

पानशेत फुटलं.
पानशेत फुटले.

दोन्ही वाक्यं एकच सांगतात ना? १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, मागोमाग खडकवासलाही गेलं आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये शिरलं. पण पहिलं वाक्य वाचताना कुणीतरी समोर बसून सांगतंय असं वाटतं आणि दुसरं वाचलं की शाळेच्या पुस्तकाचा वास येतो. फरक बघायला गेलं तर एक मात्रा आणि एक टिंब, बस. नेटवर लोक मराठी कशी लिहितात आणि एकाच माणसाची भाषा दोन साईटवर दोन तऱ्हेची का होते हे समजून घ्यायचं असेल तर माझ्या मते या टिंबापासूनच सुरू करावं.

विषय निघाला भाचीमुळे. कॉलेजने प्रोजेक्ट दिला होता की सगळ्यांनी मिळून लिहायच्या एका ऑनलाइन ज्ञानकोशात पुण्याबद्दल काहीतरी भर घाला. तिने पानशेतच्या पुरावर दोन परिच्छेद टाकले, आजीला विचारून विचारून (आजी म्हणजे माझी आई, तेव्हा नऊ वर्षांची होती, नारायण पेठेत राहायची), आणि खरंच छान लिहिलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर गायब. खाली कारण: अनुभवकथन, संदर्भ नाही, भाषा ज्ञानकोशीय नाही. पोरगी भडकून आली. "मामा, एक शब्द खोटा नाहीये त्यात, मग उडवलं का?" मी आयुष्यभर प्रूफं तपासत आलोय, त्यामुळे भाषेचं काही बिघडलं की घरचे माझ्याकडे येतात, नळ गळला की प्लंबरकडे जातात तसे. चहा टाकला आणि तिला जे सांगितलं तेच इथे जरा पसरून लिहितोय.

तिचं वाक्य असं होतं: 'आमची आजी सांगते, सगळे नेहमीसारखे आपापल्या कामाला लागले होते आणि अचानक ओरडा झाला, पळा पळा धरण फुटलं, आणि बघता बघता आपल्या लकडी पुलावर पाणी!' आता हे वाक्य जरा बाजूला ठेवा, परत लागणार आहे.

आधी टिंब. जुनी पुस्तकं चाळली असतील तर त्यात 'केलें', 'झालें', 'घरीं', 'नांव', 'कांहीं' असं दिसतं. 'केलें'वर मात्राही आहे आणि टिंबही. साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम सरकारने १९६२ मध्ये मान्य केले, आधी १४, मग १९७२ मध्ये आणखी ४, असे १८, आणि त्यात ज्या टिंबांचा उच्चारच होत नाही ती काढून टाकली. 'केलें'चं 'केले' झालं. तिकडे बोलण्यात काय झालं होतं, तर लोकांनी तो 'ए' कधीच सोडून दिलेला, नुसता 'ल' जरा लांबवून म्हणत होते, आणि ते लिहून दाखवायला टिंब वापरायचे, 'केलं'. म्हणजे एकाच 'केलें'च्या दोन वाटण्या झाल्या. छापील मराठीने मात्रा ठेवली आणि टिंब टाकलं, बोलीने मात्रा टाकली आणि टिंब ठेवलं. भावाभावांनी वाडा वाटून घ्यावा तसं. (आणि हो, 'केलं'मधलं टिंब नाकात म्हणायचं नसतं, ते फक्त 'इथे लांबव' अशी खूण आहे. टीव्हीवर काही जण 'केलम्' म्हणतात तेव्हा माझा जीव जातो.)

नियमांत 'केलं'ला जागा होती, पण ती बोलल्यासारखं लिहिताना. कथेतल्या पात्राच्या तोंडी 'केलं', निवेदनात 'केले'. प्रुफात आम्ही हे डोळे मिटून पाळायचो, अवतरणचिन्ह उघडलं की टिंब चालू, मिटलं की मात्रा चालू. मग इंटरनेट आलं आणि अवतरणचिन्ह उघडलं ते परत मिटलंच नाही. सगळंच बोलणं.

ब्लॉग हा प्रकारच मुळात रोजनिशीचा. १९९७ मध्ये कुणीतरी 'वेबलॉग' असा शब्द काढला, लॉग म्हणजे जहाजावरची रोजची नोंदवही, आणि दोनेक वर्षांत गमतीत तो तोडून 'ब्लॉग' झाला. मराठीत 'अनुदिनी', 'जालनिशी' असे शब्द सुचवले गेले, त्यातला 'जालनिशी' तर मला अजून आवडतो, रोजनिशीची सख्खी बहीण वाटते, पण लोक ब्लॉगच म्हणाले, आणि लोक म्हणतील ते खरं. तिथे लिहिणारा एक, नाव त्याचं, पान त्याचं, वाचणारे बरेचसे ओळखीचे किंवा ओळखीचे झालेले. मग तो 'सदर घटनेचे वर्णन करण्यात येत आहे' असं कशाला लिहील? तो 'अरे काल काय झालं माहितीये का' असंच सुरू करणार.

पण बोलल्यासारखं लिहिणं वाटतं तितकं सोपं नाही. समोरासमोर बोलताना अर्धं काम चेहरा करतो, हात करतात, आवाज वर-खाली होतो. स्क्रीनवर यातलं काहीच नाही, मग ते काम कोण करणार? मराठीत ते बारके बारके शब्द करतात ज्यांना शाळेत कुणी फारशी किंमत दिली नाही. बघा, 'ये'. हा हुकूम झाला. 'ये ना' ही विनवणी. 'ये की' म्हणजे तुला अडवलंय कुणी. 'ये हं' म्हणजे विसरू नकोस. 'ये रे' म्हटलं की खांद्यावर हात पडला. एक अक्षर बदललं आणि सबंध नातं बदललं. म्हणून नेटवरच्या गप्पांमध्ये ना, की, हं, बरं का, म्हणजे, तर, बाकी काही नाही पण, यांची जी गर्दी असते ती आळसाने झालेली नाही, ती नसली तर वाक्य कोरडं पडतं. पूर्णविरामाचंही तसंच. 'ठीके' आणि 'ठीक आहे.' यातला दुसरा मेसेज आला की आपण विचार करतो, चिडली की काय.

दुसरीकडे 'केले'ची दुनिया. विकी नावाची गोष्ट १९९५ ची, वॉर्ड कनिंगहॅम नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरने बनवली, वाचणाऱ्यालाच 'संपादन' दाबून पान बदलता येईल अशी साईट. नाव घेतलं हवाई बेटांवरच्या भाषेतून, तिथे 'विकी विकी' म्हणजे झटपट, होनोलुलूच्या विमानतळावरच्या बसला ते नाव होतं. २००१ मध्ये त्याच पद्धतीवर विकिपीडिया निघाला आणि मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला, बरोबर महाराष्ट्र दिनी. पुष्कळांनी मिळून ज्ञानकोश करणं आपल्याला नवं नाही, केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश २३ खंडांचा आहे आणि त्यासाठी माणसं जमवून, वर्गणीदार जमवून त्यांनी पुण्यात बसून केवढा तरी खटाटोप केला. पण तिथे शेवटी वर एक संपादक होता. विकीवर तो नाही. आज मी लिहिलेल्या वाक्यात उद्या लातूरचा कुणीतरी शब्द बदलणार, परवा अमेरिकेत बसलेली कुणीतरी त्याला जोडून अर्धं वाक्य घालणार, आणि प्रत्येक बदल 'इतिहास' या टॅबखाली साठून राहणार.

आता भाचीचं वाक्य घ्या. 'आमची आजी.' कुणाची? पान सगळ्यांचं आहे, 'आमची' म्हणणारा कोण? 'आपला लकडी पूल.' चंद्रपूरच्या मुलीला तो आपला कसा वाटेल? शिवाय त्याचं नाव आता संभाजी पूल आहे, लकडी हे आपण सवयीने म्हणतो, पानिपतनंतर लाकडी बांधला होता म्हणून. मराठीत कितीतरी शब्द असे आहेत की ते म्हणणारा कुठे उभा आहे, कधी म्हणतोय, हे माहीत असल्याशिवाय त्यांना अर्थच नाही. मी, तू, आपण, इकडे, पलीकडे, परवा, यंदा, हल्ली, सध्या. ब्लॉगवर वर तारीख असते, नाव असतं, त्यामुळे 'हल्ली' म्हणजे कधीची हल्ली ते कळतं. सामाईक पानावर 'सध्या' हा शब्द भाजीसारखा नासतो. कुणीतरी २००९ मध्ये लिहून गेलं 'सध्या काम सुरू आहे' आणि ते काम केव्हाच संपलं, उद्घाटन झालं, रस्ता परत खोदला, तरी पानावर आपलं सुरूच आहे. म्हणून तिथे 'सध्या'च्या जागी वर्ष लिहायचं, 'आपल्याकडे'च्या जागी 'महाराष्ट्रात' लिहायचं.

आजीची आठवण तर त्याहून अवघड. ती खोटी आहे असं कुणी म्हणत नव्हतं, पण वाचणाऱ्याला ती पडताळून कशी बघता येणार? तो काय नारायण पेठेत येऊन माझ्या आईला विचारणार आहे? आला तर ती पोहेही करेल ते सोडा. पण विकिपीडियाचा नियम असा की इथे पहिल्यांदाच सांगितलेली गोष्ट चालत नाही, आधी कुठेतरी छापून आलेली हवी आणि ते कुठे हे दाखवता यायला हवं.

मग 'केले'च का, 'केलं' का नाही? मला कायम वाटायचं की ही नुसती पुस्तकी अकड आहे. पण विचार केला तर एक गोष्ट लक्षात आली. पुण्यात आपण म्हणतो 'काय करतोयस', नागपुरात 'काय करून राहिला', कोल्हापुराकडे 'काय करायलास'. बोलल्यासारखं लिहा म्हटलं तर कुणाच्या बोलण्यासारखं? पुणेकर लगेच म्हणणार, म्हणजे काय, आमच्या. आणि इथेच गोची आहे. 'करत आहे', 'केले', 'गेले' असं जेवताना कुणाच्याच घरी बोलत नाहीत, सदाशिव पेठेतही नाही, आणि म्हणूनच ते सगळ्यांना सारखंच परकं आणि सारखंच आपलं. सोसायटीच्या जिन्यासारखं, तिथे कुणी राहत नाही पण जातात सगळे. ब्लॉगवर मात्र अहिराणी लिहा, मालवणी लिहा, वऱ्हाडी लिहा, उलट लिहाच, छापील मराठीने यांना वर्षानुवर्षं बहुतेक पात्राच्या तोंडापुरतीच जागा दिली आणि नेटवर त्यांना निवेदनात मोकळेपणी बसायला मिळालं.

पुणेरी पाटीचं इथे एक सांगितलंच पाहिजे, कारण मला ती या दोन्हीच्या मधली वाटते. 'येथे वाहन लावल्यास चाकातील हवा काढण्यात येईल.' कोण काढणार? काही सांगितलेलं नाही. कर्ता गायब, कर्मणी प्रयोग, थेट ज्ञानकोशाचं व्याकरण, आणि तरी वाचणाऱ्याला पक्कं कळतं की पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत एक 'मी' बसलाय. भाषा तटस्थ दिसली म्हणजे माणूस तटस्थ असतोच असं नाही, हे पुण्यात राहणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. विकीवरही अशी वाक्यं सापडतात, 'असे मानले जाते', 'टीका झाली आहे'. कोण मानतं, कुणी टीका केली? तिथले जुने संपादक असं दिसलं की शेपटीला लगेच 'संदर्भ हवा' लावतात, बरंच करतात.

सगळ्यात पंचाईत होते ती आदराच्या बहुवचनाने. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'ही', राजा असो की चोर. आपल्याकडे वाक्य सुरू करायच्या आधी ठरवावं लागतं, आला की आले. 'टिळक म्हणाले' आणि 'रँड म्हणाला' असं आपण सहज लिहून जातो आणि बाजू घेतली हे आपल्याला कळतही नाही. शाळेच्या पुस्तकांनी लावलेली सवय, आपले आले, शत्रू आला. कवी असेल तर 'केशवसुत लिहितात', पण मॅच बघताना 'सचिन आऊट झाला', 'सचिन आऊट झाले' असं म्हटलं तर लोक हसतील, खरंतर तिथला एकेरी हा आदराच्याही पलीकडचा, विठ्ठलाला 'तू' म्हणतो तसला. आता तटस्थ लिहायचं तर करायचं काय? सगळ्यांना एकेरी केलं तर गावोगावचे लोक भांडायला येतील आणि त्यांचं चुकलं असंही म्हणता येणार नाही, कारण मराठीत एकेरी म्हणजे शून्य नाही, एकेरी म्हणजे एकतर जवळीक नाहीतर अपमान. सगळ्यांना आदरार्थी करावं तर 'दरोडेखोर पळून गेले' वाचून वाटतं चार होते की एकच मानाचे होते. माणसांबद्दल लिहिताना कोशवाले साधारण 'त्यांचा जन्म', 'त्यांनी लिहिले' असंच लिहितात आणि तेच बरं, पण मग ते सगळ्यांनाच लावावं, आवडत्या-नावडत्यात फरक करू नये, इतकंच माझं म्हणणं. विशेषणांचं तसंच, थोर, वंदनीय, लाडके, झंझावाती, ही सगळी काढली तरी माणूस लहान होत नाही. आणि 'मेला, वारले, निधन झाले, देवाज्ञा झाली, कैलासवासी झाले' या सबंध जिन्यातली 'निधन झाले' किंवा 'मृत्यू झाला' ही मधली पायरी पकडायची.

आता इंग्रजी शब्दांकडे. लोक म्हणतात नेटमुळे मराठीत इंग्रजी घुसलं. घुसलं हे खरं, पण घुसल्यावर त्याचं काय झालं ते बघा ना. तो ब्लॉग, ती पोस्ट, ते ॲप, ती लिंक, तो मेसेज, ते पेज. ही लिंगं कुणी वाटली? कुणीच नाही, तरी बहुतेकांचं एकमत. 'पान' नपुंसक म्हणून 'पेज' नपुंसक, 'निरोप' पुल्लिंगी म्हणून 'मेसेज' पुल्लिंगी, अशी घरातल्या जुन्या शब्दाची जागा नवा घेतो असं बऱ्याचदा दिसतं, नेहमी नाही. मग अनेकवचनं, 'फायली', 'कमेंटी', 'लिंका'. क्रियापदं तर बघूच नका, पोस्ट टाकतात, लाईक ठोकतात, ब्लॉक मारतात, फोटो डकवतात. डकवणं हा केवढा जुना खळ-चिकीचा शब्द, बरोबर नवीन कामाला लागला.

आणि एखादा शब्द खरंच घरचा झाला का हे तपासायची आमच्या धंद्यातली युक्ती सांगतो. त्याला 'वर' किंवा 'त' लावून बघा. 'पुस्तक'चं 'पुस्तकावर' होतं, मध्ये एक काना येतो, ते सामान्यरूप. 'टेबल'चं 'टेबलावर', 'कोर्ट'चं 'कोर्टात', 'बँक'चं 'बँकेत', हे सगळे सोवळ्यात आले. पण 'फेसबुक'? 'फेसबुकवर'. 'फेसबुकावर' असं अजून कुणी गंभीरपणे म्हणत नाही. 'ब्लॉगवर', 'साईटवर', पाहुणे अजून बैठकीच्या खोलीतच आहेत.

याची उलटी गंमत सामाईक साईटवर होते. तिथे पुष्कळ पानं साच्यातून निघतात, म्हणजे एक तयार वाक्य आणि त्यात फक्त गावाचं नाव बदलायचं. इंग्रजीत हे सरळ जमतं, नावाआधी 'इन' लावलं की झालं. मराठीत साच्याने नावाला 'मध्ये' चिकटवलं की 'पुणेमध्ये' होतं आणि वाचणाऱ्याच्या दातात खडा येतो. पुणेचं पुण्यात, साताराचं साताऱ्यात, पण सोलापूरचं सोलापुरात आणि ऊकार पण बदलला, हे मशीनला एका साच्यात कसं शिकवणार? म्हणून जे लोक ही सॉफ्टवेअरं मराठीत आणतात ते वाक्यच असं फिरवतात की नावाला काही चिकटवायला नको, 'ठिकाण: पुणे'. क्रियापदाचं लिंग हेही एक प्रकरण. 'अमुकने पान बदलले' इथे भागतं, पण 'अमुक सदस्य झाला' की 'झाली'? त्यासाठी विकीच्या सॉफ्टवेअरमध्ये सदस्याने सांगितलेलं लिंग बघून शब्द निवडायची सोय ठेवलेली आहे. इंग्रजीत हा प्रश्न फार पडत नाही, आपल्याला प्रत्येक ओळीत पडतो. पुढे कधी 'पुणेमधील' दिसलं तर लिहिणाऱ्याला शिव्या द्यायच्या आधी बघा, बऱ्याचदा तो माणूस नसतोच, सांगकाम्या असतो.

सांगकाम्या! हा शब्द मला इतका आवडतो की काय सांगू. विकिपीडियावर आपोआप बदल करत फिरणारे प्रोग्राम असतात, बॉट, त्यांना मराठी विकिपीडियावर 'सांगकाम्या' म्हणतात. गोष्टीतला सांगकाम्या आठवतो ना, सांगितलं तेवढंच करतो आणि त्यातूनच गोंधळ घालतो. 'पुणेमध्ये' लिहिणाऱ्याला याहून चपखल नाव कुठलं? तसंच जिथे नवीन माणसाने खरडून बघायचं ते पान 'धूळपाटी', पूर्वी पाटीवर धूळ पसरून बोटाने अक्षरं गिरवायचे ती. सगळ्यांनी जमून बोलायचं पान 'चावडी'. मतदान म्हणजे 'कौल'. हे शब्द ज्यांनी निवडले ते डिक्शनरी उघडून बसले नव्हते, गाव आठवत बसले होते. सगळेच शब्द असे जमले असं नाही, 'निःसंदिग्धीकरण' (म्हणजे एकाच नावाच्या वेगवेगळ्या गोष्टी निवडून दाखवणं) उच्चारताना माझी कवळी हलते.

गप्पांच्या साईटवर शब्द करायची तऱ्हा अगदीच निराळी. तिथे गरज अर्थाची कमी आणि कंपूची जास्त. 'बाय द वे' म्हणजे 'रस्त्याच्या कडेने', त्याचं केलं 'रच्याकने'. 'टेक इट लाइट' म्हणजे लाइट घ्या, लाइट म्हणजे दिवा, म्हणून 'दिवे घ्या'. हसून हसून पुरेवाट झाली की 'हहपुवा', हे वेगळे सांगणे न लगे म्हणजे 'हेवेसांनल', पुढील लेखनास शुभेच्छा म्हणजे 'पुलेशु'. कॉपी-पेस्टची इंग्रजी स्पेलिंगं मराठीसारखी अक्षर अक्षर वाचून 'चोप्य-पस्ते'. कुणाचा गोव्याचा फोटो बघून जळजळ झाली तर 'इनो घ्या'. नव्या माणसाला यातलं ओ की ठो कळत नाही, आणि तोच तर उद्देश आहे, ज्याला कळतं तो आतला. धूळपाटीवाल्यांनी शब्द केला तो अनोळखी माणसाला रस्ता सापडावा म्हणून, रच्याकनेवाल्यांनी केला तो ओळखीच्यांना टाळी द्यायला. मला दोन्ही लागतात.

टायपिंगचं थोडक्यात, कारण त्यात शिरलो तर रात्र होईल. एकेकाळी मोबाईलवरून मराठीत मेसेज पाठवायचा तर एका मेसेजमध्ये ७० अक्षरं मावायची, इंग्रजी लिपीत १६०. पैसे मेसेजवर. मग लोक 'कुठे आहेस' इंग्रजी अक्षरांत लिहायला लागले तर त्यात नवल काय? कॉम्प्युटरवर जो तो आपापला फॉन्ट वापरायचा, माझी फाईल तुमच्याकडे उघडली की नुसत्या रांगोळ्या. हे मिटलं युनिकोडने, प्रत्येक अक्षराला जगभर एकच नंबर. आपल्या पुण्यातल्या सीडॅक या सरकारी संगणक संस्थेने भारतीय भाषांच्या टायपिंगवर बरंच काम केलेलं आहे. पण युनिकोडमध्येही बारीक खडे आहेत. 'आचार्यांना बोलवा' आणि 'आचाऱ्यांना बोलवा' यात एक आला तर प्रवचन होईल आणि दुसरा आला तर जिलबी, आणि तो दुसरा, अर्धा चंद्रासारखा र, दोन वेगळ्या पद्धतींनी टाइप होतो. दिसतो सारखाच, आतले नंबर निराळे, म्हणून कधी शब्द डोळ्यांसमोर असून शोधल्यावर सापडत नाही. 'ॲप'चा 'ॲ' तर २००८ मध्ये युनिकोडात आला, तोवर लोक मिळेल त्या जोडणीने वेळ मारून नेत होते. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घावरून लगेच नाक मुरडू नका, अर्ध्या चुका कीबोर्डच्या असतात. उरलेल्या अर्ध्यांवर मुरडा, मी मुरडतो.

तर भाचीचं काय झालं. आम्ही दोघांनी बसून तिच्या मजकुराच्या दोन वाटण्या केल्या. आजी, ओरडा, पळा पळा, आपला लकडी पूल, हे सगळं तिच्या स्वतःच्या ब्लॉगवर गेलं, टिंबांसकट, तिने आजीचा आवाज तसाच ठेवला आणि मी एका अक्षराला हात लावला नाही (दोन ऱ्हस्व-दीर्घ गुपचूप केले). सामाईक पानासाठी ती लायब्ररीत जाऊन पुस्तकातून दोन संदर्भ घेऊन आली आणि एकच वाक्य टाकलं, 'नदीकाठच्या पेठांमध्ये पुराचे पाणी घुसले.' खाली पुस्तकाचं नाव आणि पान नंबर.

या वेळी ते उडालं नाही. चार दिवसांनी चर्चा पानावर कुणाचातरी निरोप, नावावरून पुरुष की बाई तेही कळत नव्हतं: 'घुसले ऐवजी शिरले केले तर चालेल का? घुसले थोडे बोलण्यातले वाटते.'

ती माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, तू ठरव. तिने आजीला हाक मारली, "आजी, पाणी घुसलं होतं की शिरलं होतं?"

आई आतून म्हणाली, "चढलं होतं. घुसायला ते काय चोर होतं?"

चर्चा पानावर तिने उत्तर लिहिलं, 'चढले?' अजून त्याचा निरोप यायचाय.